आठ वर्षे वापरायची जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह वॅगन: मॉडेलचे नाव नव्हे, ती एक गाडी तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला राहता, दोन लहान मुले आहेत, पत्नी रुग्णालयात रात्रपाळी करते आणि पहाटे चारच्या सुमारास, रस्ते साफ होण्याआधी सात मैलांवरून घरी परतते. आई-वडील दरवर्षी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतात. घरात एक सेडान आहे आणि आता जुनी, पण आठ वर्षे साथ देईल अशी ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी) वॅगन हवी आहे. समोर तीन गाड्या आहेत: १,२८,००० मैल झालेली २०१२ ची सुबारू आउटबॅक, ९६,००० मैलांची २०१६ ची आउटबॅक (पहिलीपेक्षा साडेचार हजार डॉलरने महाग) आणि १,१२,००० मैलांची २०१२ ची व्होल्वो एक्ससी७०. एक सहकारी म्हणतो, "डोळे मिटून घ्या, दोन लाख मैल कुठेच जात नाहीत." दुसरा म्हणतो, "हेड गॅस्केट जाते, त्या गाडीचा नाद करू नका."

दोघेही आपापल्या अनुभवापुरते खरे बोलत आहेत, आणि म्हणूनच दोघांचाही तुम्हाला फारसा उपयोग नाही. सिरॅक्यूजला माझे गॅरेज सुरू होऊन एकवीस वर्षे झाली आणि माझ्या लिफ्टवर चढणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक अशाच कौटुंबिक वॅगन असतात. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या दीड लाख मैलांनंतर शेजारी उभ्या केल्या, तर त्या एकाच आईची लेकरे वाटत नाहीत, इतका फरक मी पाहिला आहे. त्यामुळे "कोणती कंपनी भरवशाची" हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. या तीनपैकी कोणती गाडी आजवर नीट राखली गेली, रस्त्यावरच्या मिठाने तिचे किती खाल्ले, आणि ऑल-व्हील ड्राइव्ह मालकाकडून जी शिस्त मागते ती पुढची आठ वर्षे तुमच्याकडून पाळली जाईल का, हे खरे प्रश्न आहेत.

त्याआधी एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती स्पष्ट करतो. रॉचेस्टरचे मुख्य रस्ते लवकर साफ होतात आणि दिवसा ऑफिसला जाऊन येणाऱ्या माणसाला पुढची चाके ओढणारी साधी गाडी आणि चार चांगले हिवाळी टायर पुरतात, असे मी अनेकांना सांगून ऑल-व्हील ड्राइव्हपासून परावृत्त केले आहे. तुमच्या बाबतीत तसे सांगणार नाही. पहाटे चारला, ओंटारियो सरोवरावरून आलेला ताजा बर्फ सहा इंच पडलेला असताना एकटीने घरी यायचे असेल, तर चारही चाकांना मिळणारी ओढ हा चैनीचा भाग राहत नाही. मात्र ही ओढ गाडी हलवायला मदत करते, थांबवायला करत नाही. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतो. म्हणून गाडीच्या किमतीत हिवाळी टायरांचा एक संच धरूनच हिशेब करा. पैसे कमी पडत असतील तर गाडी थोडी स्वस्त घ्या, पण टायर वगळू नका.

आता टायरांबद्दलच सविस्तर सांगतो, कारण या प्रकारच्या गाड्यांचे सर्वांत महागडे नुकसान तिथूनच सुरू होते, आणि ते गाडीच्या दोषामुळे होत नाही. सुबारूने १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व गाड्यांना ऑल-व्हील ड्राइव्ह सरसकट दिले. याचा एक परिणाम असा झाला की असंख्य लोकांनी ही यंत्रणा मुद्दाम निवडून घेतली नाही, ती गाडीबरोबर आपोआप आली, आणि ते तिला साध्या गाडीसारखेच वागवत राहिले. साध्या गाडीचा एक टायर फाटला तर एकच नवा घालतात आणि त्यात काही बिघडत नाही. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये बिघडते.

का, ते आकड्यांत पाहू. २०१२ च्या आउटबॅकवर बहुधा २२५/६०, १७ इंची टायर असतात. अशा नव्या टायरचा परीघ सुमारे २,२०० मिलिमीटर, म्हणजे एका मैलाला चाकाचे साधारण ७३० फेरे. तीन टायर झिजलेले आहेत आणि चौथा नवा घातला, त्यात नक्षीच्या खोलीचा फरक चार मिलिमीटर आहे असे धरा. चार मिलिमीटर त्रिज्येत, म्हणजे परिघात सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे एक टक्क्याहून थोडा अधिक. त्यामुळे दर मैलाला तीन चाके नव्या चाकापेक्षा आठेक फेरे जास्त फिरतात. हा फरक आधी त्या चाकाच्या जोडीच्या डिफरन्शिअलमध्ये (जोडीतल्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचात) जिरवला जातो आणि त्यातला निम्मा भाग पुढच्या व मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या क्लचपर्यंत पोहोचतो. वळणावर असा फरक चार सेकंद पडतो, त्यासाठीच तो क्लच बनवलेला आहे. पण महामार्गावर, सरळ रेषेत, तासन्‌तास त्याच्या प्लेटा एकमेकींवर घासत राहिल्या तर तेल तापते, जळते आणि प्लेटा चिकटू लागतात. सुबारूची अट अशी आहे की चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नसावा. पाव इंच परीघ म्हणजे नक्षीच्या खोलीत जेमतेम एक मिलिमीटर. ही मर्यादा किती बारीक आहे हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसते.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका तिची वॅगन घेऊन आली. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघाले की गाडी अडखळायची, जणू मागून कोणी हँडब्रेक ओढून सोडतो आहे. तिने दोन ठिकाणी दाखवले होते आणि एका ठिकाणी गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च सांगितला होता. मी आधी नक्षीमापक घेऊन चारही टायरांभोवती फिरलो. तीन टायर पाच मिलिमीटरवर होते, मागचा उजवा नऊवर. आठ महिन्यांपूर्वी खिळा लागला म्हणून तेवढाच बदलला होता. चार सारखे टायर घातले, मधल्या क्लचचे तेल दोनदा बदलले, आणि गाडी बरीच सुधारली, पण पूर्ण नाही. सहा महिन्यांनी क्लच उघडावाच लागला, तेव्हा प्लेटा कडेला निळसर काळ्या पडलेल्या निघाल्या. एकशे साठ डॉलरच्या टायरने जवळजवळ दोन हजारांचे काम काढले होते. त्या बाईंनी काहीच चुकीचे केले नव्हते, कारण टायर विकणाऱ्याने एका शब्दानेही सांगितले नव्हते. टायर बदलायची वेळ आली तर चारही बदला. जुने तीन अजून चांगले असतील तर नवा टायर घासून त्यांच्या उंचीला आणून देणारी दुकाने अमेरिकेत आहेत, ती शोधा.

आता तुमच्या सहकाऱ्याच्या हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलकडे वळतो. ही तक्रार कपोलकल्पित नाही, पण ती कोणत्या गाडीला लागू आहे ते नीट समजून घेतले पाहिजे. सुबारूचे अडीच लिटरचे जुने इंजिन, ज्याला आम्ही ईजे२५ म्हणतो, ते आडवे बॉक्सर इंजिन आहे: दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, समोरासमोर झोपवलेले. उभ्या इंजिनात हेड वर असते आणि थांबल्यावर तेल खाली उतरून जाते. इथे हेड बाजूला असल्यामुळे गॅस्केटच्या खालच्या कडेशी तेल आणि कूलंट साचून राहते. १९९६ ते १९९९ च्या सुमारास आलेल्या पहिल्या आवृत्तीत ज्वलनाचे वायू आतल्या आत कूलंटमध्ये शिरत आणि इंजिन अचानक तापे. त्यानंतरच्या आवृत्तीत गळती बाहेरच्या बाजूने, संथपणे, खालच्या कडेने होऊ लागली. आधी नुसता ओलसरपणा दिसतो, मग थेंब पडतात, मग एक्झॉस्टवर पडून जळलेल्या तेलाचा वास येतो. २०१२ च्या अडीच लिटरच्या आउटबॅकमध्ये याच घराण्याचे इंजिन आहे. २०१३ पासून आउटबॅकला एफबी नावाचे नवे इंजिन आले, त्यामुळे तुमच्या २०१६ च्या गाडीला ही जुनी चिंता लावणे योग्य नाही.

म्हणजे २०१२ ची गाडी बाद का? नाही. ती उचलून खालून बघायची. हेड आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्याची खालची कड दोन्ही बाजूंनी टॉर्चच्या उजेडात पाहा. कोरडी धूळ असेल तर उत्तम. ओलसर चिकट कड असेल तर ते काम केव्हातरी करावे लागेल, असे गृहीत धरून भाव करा. आमच्या भागात दोन्ही बाजूंचे काम दोन ते तीन हजार डॉलरच्या आसपास जाते. ते आधीच झालेले असेल आणि अनेक थरांचे पोलादी गॅस्केट वापरल्याची पावती असेल, तर मी त्या गाडीला न झालेल्या गाडीपेक्षा वरचा क्रमांक देईन. आणि कड धुऊन पुसून लख्ख केलेली दिसली, बाकी इंजिन मात्र मळलेले, तर विक्रेत्याला कारण विचारा.

त्याच इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा असतो. तो १,०५,००० मैलांना बदलायचा असतो आणि तुमची गाडी १,२८,००० वर उभी आहे. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच जाते. "बदलला असेल" हे उत्तर स्वीकारू नका, पावती मागा. पावतीत नुसता बेल्ट आहे, की त्याबरोबर पुल्या, टेन्शनर आणि वॉटर पंपही आहे, ते वाचा. मी उघडलेल्या इंजिनांत बेल्टपेक्षा पुलीचे बेअरिंग आधी गेलेले जास्त वेळा पाहिले आहे. पावती नसेल तर ते काम झालेले नाही असे समजून तेवढे पैसे किमतीतून वळते करा.

२०१६ च्या गाडीला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, हा तिचा मोठा फायदा. एफबी इंजिनाची वेगळी तक्रार होती ती तेल पिण्याची. २०११ ते २०१४ च्या काही मॉडेलांत, आणि त्यांत २०१३ ची आउटबॅकही येते, इंजिने ठरलेल्यापेक्षा जास्त तेल जाळत होती. प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेले आणि कंपनीने त्या गाड्यांची इंजिन-वॉरंटी वाढवून दिली. तुमची गाडी त्यानंतरची आहे, तरी पहिले सहा महिने दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून पाहा. पातळीचा दिवा लागण्याची वाट पाहणारा मालक आणि डिपस्टिक काढणारा मालक यांच्या इंजिनांतला फरक दीड लाख मैलांनंतर मला कानांनी ओळखता येतो.

दोन्ही आउटबॅकमध्ये सीव्हीटी म्हणजे साखळी-पुलीचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. आउटबॅकला तो २०१० च्या मॉडेलपासून आला. माझ्या मते तुमच्या आठ वर्षांचा सर्वांत मोठा आर्थिक धोका हेड गॅस्केट नव्हे, हा आहे, कारण तो गेला तर नव्यासाठी सात-आठ हजार डॉलर मोजावे लागतात आणि तेवढी गाडीचीच किंमत उरलेली नसते. २०१० ते २०१५ च्या आउटबॅकसाठी कंपनीने सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षे किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवली होती, पण तुमच्या २०१२ च्या गाडीचे दोन्ही आकडे ओलांडले गेले आहेत. चालवताना दोन गोष्टी तपासा. गाडी पूर्ण तापल्यावर, सिग्नलला सावकाश थांबताना इंजिन गचका देऊन बंद पडू पाहते का? आणि ताशी ३० ते ४० मैलांच्या दरम्यान, पाय स्थिर असताना, खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर जाणवते का? यांपैकी एकही आढळले तर ती गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

सीव्हीटीचे तेल आयुष्यभर बदलायला नको, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. मी ते ६०,००० मैलांना बदलतो आणि माझ्याकडे नियमित येणाऱ्या गाड्यांत या गिअरबॉक्सचा त्रास फार कमी दिसतो. मात्र ते काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. एका वेळी सगळे तेल निघत नाही, आणि पातळी तेलाचे तापमान ठरावीक टप्प्यात असतानाच पाहावी लागते. या गाड्यांखाली तेल सोडण्याचे बोल्ट जवळजवळ आहेत. घाईत तेल बदलून देणाऱ्या दुकानात इंजिनाऐवजी पुढच्या डिफरन्शिअलचे तेल सोडले गेले आणि इंजिनात मात्र नवे तेल दुप्पट भरले गेले, अशा गाड्या मी टो करून आणलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून विक्रेत्याकडच्या पावत्या नुसत्या मोजू नका, काम कुठे झाले तेही बघा.

आता गंज. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला याची कल्पना नसते, मलाही नव्हती. आपल्याकडे गाडी जुनी होते ती धुळीने, खड्ड्यांनी आणि उन्हाने. इथे इंजिन धडधाकट असताना गाडी खालून विरघळते. माझ्या घरची वॅगन चौदा वर्षे आणि २,३१,००० मैल चालली. शेवटच्या दिवशीही तिचे इंजिन पहिल्या झटक्यात चालू होत होते, पण मागच्या सबफ्रेमला (मागच्या चाकांची यंत्रणा धरून ठेवणाऱ्या खालच्या चौकटीला) हात घातला तर पापुद्रे सुटून हातात येत होते. राज्याच्या वार्षिक तपासणीत ती पास होणार नव्हती आणि मुलांना तिच्यात बसवायचे माझेही मन होत नव्हते.

म्हणून लिफ्टवर गाडी चढली की मी इंजिनाखाली जाण्याआधी मागच्या बाजूला जातो. हातात जुना स्क्रूड्रायव्हर असतो आणि त्याच्या मुठीने सबफ्रेम, मागच्या कंट्रोल आर्मच्या जागा आणि दारांखालच्या पट्ट्या वाजवत जातो. आपल्याकडे बाजारात माठ घेताना बोटाने टिचकी मारून बघतात, अगदी तसेच. पत्रा शाबूत असेल तर टणक, खणखणीत आवाज येतो. आतून सडला असेल तर बद्द आवाज येतो आणि पायाशी तांबूस भुगा पडतो. त्यानंतर ब्रेकच्या नळ्या. उघड्यावर दिसणारा भाग अनेकदा चांगला असतो. नळी जिथे प्लॅस्टिकच्या आवरणामागे, पेट्रोलच्या टाकीजवळ जाते, तिथे खारट चिखल अडकून राहतो आणि नेमकी तिथेच ती फुटते. आवरणाचे दोन क्लिप काढून आत उजेड टाकायला तपासणाऱ्याला सांगा. खाली नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर तो मिठापासून रक्षणासाठी आहे की काही झाकण्यासाठी, हे त्या मुठीच्या आवाजावरूनच कळते. गाडी आधी कोणत्या राज्यात नोंदलेली होती तेही पाहा. दक्षिणेकडून चार वर्षांपूर्वी आलेली २०१२ ची गाडी, जन्मापासून बफेलोत राहिलेल्या २०१६ च्या गाडीपेक्षा खालून तरुण असू शकते.

व्होल्वोबद्दल थोडक्यात सांगतो. बसायला ती या तिघांत सर्वांत सुखाची आहे आणि तिच्या ३.२ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाबद्दल माझे मत चांगले आहे. त्यालाही चेन आहे. तिची ऑल-व्हील ड्राइव्ह यंत्रणा वेगळ्या पद्धतीची आहे: एरवी पुढची चाके ओढतात आणि मागच्या डिफरन्शिअलजवळचा हॅल्डेक्स क्लच गरज पडली की मागच्या चाकांना जोडतो. या क्लचचे तेल आणि गाळणी वेळेवर बदलली तर तो दीर्घकाळ टिकतो. बदलली नाही तर त्याचा छोटा पंप गाळाने बंद पडतो आणि गाडी कोणतीही कुरकूर न करता फक्त पुढच्या चाकांवर चालत राहते. मालकाला ते पहिल्या बर्फात कळते. या एक्ससी७० वॅगनचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. भाग मिळतात, पण आउटबॅकच्या भागांपेक्षा महाग. तुमच्या जवळपास व्होल्वोचा चांगला स्वतंत्र मेकॅनिक असेल आणि हॅल्डेक्सच्या सर्व्हिसची पावती असेल तर ती गाडी जरूर विचारात घ्या. दोन्हींपैकी एक नसेल तर घेऊ नका.

तुमच्या घरासाठी म्हणून दोन-तीन गोष्टी. आई-वडिलांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने आउटबॅकची उंची फार सोयीची आहे: सेडानसारखे खाली घुसावे लागत नाही आणि मोठ्या एसयूव्हीसारखे चढावेही लागत नाही. माझी आई दहा वर्षे अशाच गाडीतून कोणाचा हात न धरता उतरली. मात्र या तिन्ही गाड्या पाच आसनी आहेत, त्यामुळे सहा माणसे निघाली की सेडान बरोबर न्यावी लागेल. दुसरे म्हणजे तुम्ही दर डिसेंबरला पाच आठवडे भारतात जाता असे लिहिले आहे. २०१५ ते २०२० च्या आउटबॅकबाबत बॅटरी उभ्या उभ्या उतरण्याच्या तक्रारींवरून सामूहिक दावा होऊन तडजोड झाली होती. तेव्हा २०१६ ची गाडी घेतली तर चांगली मोठी बॅटरी घाला आणि जाताना तिला मंद चार्जर लावून ठेवा. तिसरे, तिच्यात समोरच्या काचेमागे दोन कॅमेऱ्यांची आयसाइट यंत्रणा असेल, तर काच फुटल्यावर नव्या काचेबरोबर कॅमेऱ्यांचे मापन पुन्हा जुळवावे लागते आणि बिल नेहमीच्या काचेपेक्षा बरेच वाढते. विम्यात काच धरलेली आहे का ते आधी विचारून घ्या. आणि रोज फक्त सात मैलांचा प्रवास हा गाडीला सोपा नसतो. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, तेलात आणि एक्झॉस्टमध्ये पाणी साचत राहते. म्हणून तेल मैलांवर न जाता दर सहा महिन्यांनी बदला, आणि आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा तास महामार्गावर न्या.

मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते? साडेचार हजारांचा फरक मोठा दिसतो, पण २०१२ च्या गाडीत बेल्टचे काम, गॅस्केटची शक्यता आणि चार वर्षे जास्त खाल्लेले मीठ धरले तर तो बहुतेक संपतो. म्हणून माझा कल २०१६ च्या गाडीकडे आहे, पण तिची खालची बाजू शाबूत असेल आणि सीव्हीटी कुरकुरत नसेल तरच. २०१२ च्या गाडीसाठी मी माझे मत एकाच परिस्थितीत बदलेन: एकाच मालकाने, एकाच गॅरेजात, बेल्ट आणि गॅस्केटसह केलेल्या सर्व कामांची फाइल तुमच्या हातात ठेवली तर. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. कोणत्या मागाला कधी तेल दिले, कोणता भाग कधी बदलला, याची त्यांची एक लांबट वही असे, आणि जुना माग विकत घेताना मालक यंत्राआधी त्याची अशी वही मागत. वहीतल्या नोंदी नियमित असतील तर वीस वर्षांचा मागही ते बिनधास्त घेत. मी आजही पावत्यांसाठी गाडीचा ग्लोव्ह बॉक्स आधी उघडतो.

शनिवारी गाड्या बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन थंड राहू द्या. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर आधीच चालू करून ठेवले आहे, म्हणजे थंड इंजिन चालू होतानाचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता असे समजा. मग चारही टायरांची कंपनी, मॉडेल आणि नक्षीची खोली लिहून घ्या. मापक वीस डॉलरच्या आत मिळतो. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना हळूहळू दोन दोन फेरे मारा आणि गाडी अडखळते का ते पाहा. हेच अर्धा तास चालवून गाडी तापल्यावर पुन्हा करा, कारण चिकटणारा क्लच गरम तेलात जास्त स्पष्ट कळतो. गाडीचा विन, म्हणजे १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून न झालेले रिकॉल (कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्त्या) पाहा. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये त्या काळातल्या अनेक कंपन्यांच्या गाड्या येतात आणि ते काम डीलरकडे फुकट होते.

हे सगळे पार पडले तरी पैसे देण्याआधी, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. दीडशे-दोनशे डॉलर जातील. विक्रेता याला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा. लिफ्टवरून मागच्या सबफ्रेमचे, टाकीजवळच्या ब्रेकच्या नळ्यांचे आणि २०१२ च्या गाडीत हेडच्या खालच्या कडेचे फोटो काढून आणा आणि टायरांच्या मापांसह इथेच टाका. ते पाहून कोणत्या गाडीला किती भाव द्यावा, ते मी तुम्हाला आकड्यात सांगेन.